चार मिनिटांचा दाखला

१

शनिवार पेठेतल्या नागरी सुविधा केंद्र क्रमांक सातमधली आवक नोंदवही शुक्रवारी सकाळी नाहीशी झाली, आणि ती नाहीशी झाल्याचं हेमा परचुऱ्यांना तिथे पोचल्यापासून सहाव्या मिनिटाला कळलं. मिनिटं इतकी नेमकी सांगता येतात, कारण हेमाताईंनी ती मोजली होती. त्या सगळंच मोजत. मंडईत पेरू घेताना त्या आधी तराजूचा काटा बघत आणि पेरू मग. त्यांचे यजमान म्हणत, आमच्याकडे कुकरसुद्धा एक शिट्टी जास्त द्यायला धजत नाही.

हे वेड सरकारनं नोकरीलाच लावलं होतं. साल दोन हजार तीन. हिंजवडीत काचेच्या इमारती उठत होत्या, पेठांमधली पोरं विमानात बसत होती, आणि सरकारनंही कंबर कसून दाखले संगणकावर आणले होते. हे काम कुठवर आलं ते दर महिन्याला मोजायचं आणि बारा केंद्रांचा तक्ता वर पाठवायचा, ही जबाबदारी हेमाताईंची. अर्ज आल्यापासून दाखला हातात पडेपर्यंत किती वेळ लागला, हा त्या तक्त्यातला सगळ्यात मोठा रकाना. कुठे नऊ दिवस, कुठे बारा, एका ठिकाणी तर एकवीस. आणि केंद्र क्रमांक सात? चार मिनिटं!

"चार मिनिटांत पुण्यात कुणी पाणी विचारत नाही," असं म्हणून हेमाताईंनी सकाळी पावणेदहाला केंद्रात फोन केला, आज तपासणीला येते म्हणून निरोप ठेवला आणि स्कूटी काढली. सोमवारी ह्या केंद्राला पहिल्या क्रमांकाची ढाल मिळायची होती. तपासणीही सोमवारीच, ढाल देण्याच्या आधी तासभर, असं ठरलेलं होतं. म्हणजे ती कशी होणार होती हे सांगायला नको.

"आज?" केंद्रप्रमुख अनंत देवस्थळी खुर्चीतून अर्धे उठले. "आपण सोमवारी येणार होतात ना?"

"निरोप ठेवला होता. मिळाला नाही वाटतं."

"मी आत्ताच येतोय, साडेदहाला. बसा, चहा सांगतो."

"चहा नको. आवक नोंदवही द्या. अर्ज ज्या दिवशी येतो, त्या दिवशी त्यात लिहिला जातो ना? त्या तारखा संगणकाशी जुळवते आणि जाते."

देवस्थळींनी लोखंडी कपाट उघडलं. आत खाकी कव्हरं घातलेल्या जुन्या वह्या शाळेतल्या मुलांसारख्या ओळीत उभ्या होत्या. खालच्या कप्प्यात, लाल बांधणीची हातभर लांब चालू वही जिथे असायची, तिथे काहीच नव्हतं.

"काल संध्याकाळी मी स्वतः कुलूप लावताना बघितली होती!"

"किल्ली कुठे असते?"

"गणपतीच्या तसबिरीमागे, खिळ्याला."

"आणि हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना," देवस्थळी म्हणाले.

"गणपतीसकट," हेमाताई म्हणाल्या.

देवस्थळींना विनोद सुचत नव्हता. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, हे कोणी केलं ते मला ठाऊक आहे. आज पाचच्या आत ती मुलगी ह्या केंद्रातून गेलेली असेल."

२

ती मुलगी म्हणजे दीपमाला वानखडे. वर्ध्याकडच्या आर्वीची. दोन वर्षांपासून करारावर संगणक चालवत होती आणि येरवड्यात दोघी मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहत होती.

देवस्थळींचा हिशेब सरळ होता. संगणकात वेळा कोण टाकतं? दीपमाला. चार मिनिटं कोणी बनवली? दीपमालाने. वही सापडली तर लबाडी उघडी पडणार, म्हणून वही कोणी उडवली? तिनेच. हेमाताईंना हा हिशेब फारच गुळगुळीत वाटला. गुळगुळीत आकड्यांवरून त्या इतक्या वेळा घसरल्या होत्या, की आता जपून पाय टाकत.

संगणकाची खोली काचेची होती. आत वातानुकूलन, खिडक्यांना जाड पडदे. दाराबाहेर सुंदर, मोत्यासारख्या अक्षरातली पाटी होती: "चपला बाहेर काढाव्यात. संगणकास धूळ चालत नाही. चपला गेल्यास केंद्र जबाबदार नाही." हेमाताईंनी चपला काढल्या आणि त्या आत गेल्या.

दीपमाला ताठ बसून टाइप करत होती. संगणकाचा पडदा तिच्या बरोबर डोळ्यांसमोर होता. डोळे लाल होते, बोटं मात्र थांबत नव्हती. हेमाताईंनी पडद्यावर वाचलं: "कु. वानखडे यांची सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे."

"हे... हे तुम्हीच टाइप करताय?"

"मराठी टायपिंग दुसऱ्या कोणालेच येत नाही मॅडम," ती म्हणाली. "साहेब म्हणाले, पाचच्या आत प्रिंट पाहिजे."

हेमाताईंना राग आला. खुर्ची ओढून त्या शेजारी बसल्या.

"वही तुम्ही घेतलीत?"

"मी काहून घेऊ जी? मले तर आजवर त्या वहीचं काम पडलं नाही. खिडकीतून कागद येतात, मी टाकते, दाखला काढते, परत देते. आणि तुम्ही येणार हे तुम्ही आल्यावरच कळलं मले."

"चार मिनिटांत दाखला होतो?"

"तेवढेच लागतात," ती म्हणाली. तिच्या आवाजात लबाडी नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. "आज तर त्याहून लवकर झाले. दोन महिन्यांपासून मान अशी दुखायची, खाली पाहून पाहून. स्क्रीन उंच करून द्या म्हणून रोज सांगत होती. आज सकाळी आली तं कोणीतरी केलाही. बरं वाटलं. आणि आजच हे पत्र." तिने ओढणीने डोळे पुसले. "आर्वीले परत गेली तं बाबा पुन्हा पाठवणार नाहीत मॅडम. पुणं झालं म्हणतील आता."

"पत्राची प्रिंट पाचच्या आधी काढू नका," हेमाताई उठत म्हणाल्या. "आणि काल, गुरुवारी, किती दाखले झाले, ते जरा दाखवा."

दीपमालाने कळा दाबल्या. काल शून्य. मागच्या गुरुवारी शून्य. त्याच्या मागच्याही गुरुवारी शून्य.

"गुरुवारी वीजच नसते इथे," ती म्हणाली. "मले सुट्टी असते."

हेमाताई बाहेर आल्या आणि अर्जदार बसत त्या बाकाकडे वळल्या. बाकावर बसलेल्या आजींच्या हातात अर्जाची पोच होती. तिच्यावर तारीख होती सहा नोव्हेंबर, आणि सहा नोव्हेंबर हा गुरुवार होता.

३

आजींचं नाव विमलाबाई. लेकीचं बाळंतपण अमेरिकेत, जानेवारीत. त्यासाठी पासपोर्ट, पासपोर्टसाठी रहिवासी दाखला.

"पंधरा दिवस झाले हो," विमलाबाई म्हणाल्या. "ही माझी चौथी खेप. आता बाळ माझ्याआधी तिकडे पोचायचं! काल आले, तर त्या कारकुनांनी लाल वही काढून बघितलं आणि म्हणाले, उद्या नक्की."

हेमाताईंनी पोच निरखली. अक्षर मोठं होतं आणि ओळ जिन्यासारखी वर चढत गेली होती. त्यांनी पुन्हा काचेच्या खोलीत डोकं घातलं. "दीपमाला, विमलाबाईंच्या नावाचा अर्ज बघा बरं."

"नाही मॅडम. असा अर्ज आलाच नाही."

म्हणजे आजी पंधरा दिवस बाकावर, आणि संगणकाच्या लेखी त्या जन्मलेल्याच नव्हत्या. हेमाताईंना मनातून आनंद झाला. सुताचं टोक हाती लागलं होतं, आता ओढायचं.

दाराशी पहारेकरी जयसिंग उभा होता, मुळशीकडचा, मिशाळ. मागं एकदा संगणकाचा काही भाग चोरीला गेल्यापासून तो जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी बघायचा.

"आज सकाळपासून बाहेर काही गेलं?"

"हातभर लांब वही जाईल आन् मला दिसायची न्हाई? न्हाय बाई. वही आतच हाय कुटंतरी."

"सकाळी पहिलं कोण आलं?"

"पानसे साहेब, सव्वानवाला. तीस वर्सं झाली, त्यांचा टाइम चुकत न्हाई. मग दीपमालाताई दहाला. मोठे साहेब साडेदहाला, म्हंजी लवकरच आले म्हनायचं." तो हसला. "पन आज येक नवल झालं बगा. दहाच्या आदी पानसे साहेबांचे बूट काचेच्या खोलीच्या दाराशी! दोन वर्सांत हा मानूस कधी आत गेला न्हाई. म्हनतो, त्या डब्याची आन् माजी वळख न्हाई."

४

श्यामसुंदर पानसे म्हणजे केंद्रातले ज्येष्ठ कारकून. मार्चअखेर निवृत्ती. पांढरा सदरा, जाड चष्मा, टेबलाच्या खणात खाकी कागदाची गुंडाळी, डिंकाची बाटली आणि टोक केलेल्या पेन्सिली. ते हेमाताईंशी बोलले, पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून नाही.

"ती बाहेरची पाटी कोणाच्या हातची?"

"माझ्या. दोन वर्षं झाली त्याला."

"अक्षर सुरेख आहे."

"होतं," पानसे म्हणाले.

"अर्ज आला की तुम्ही काय करता?"

इथे मात्र पानशांचा सूर लागला. "आधी वहीत घेतो. मग पत्ता पडताळायला माणूस जातो, सह्या होतात, त्रुटी निघतात, लोक पुन्हा येतात. सगळं निस्तरलं की मग यंत्रात. कच्चं यंत्रात घालायचं नाही! आमच्या जुन्या साहेबांनी शिकवलंय, खाडाखोड व्हायची ती कच्च्या वहीत, पक्क्या वहीत एक काना चुकता कामा नये. संगणक ही सरकारची पक्की वही."

तेवढ्यात पडताळणीचा गठ्ठा सही होऊन आला. पानशांनी वरचा कागद उचलला, नाकाजवळ धरून वाचला आणि काचेच्या खिडकीतून आत सरकवला. हेमाताई पलीकडून बघत होत्या. दीपमालाने नाव टाकलं. बारा वाजून दहा मिनिटं: अर्ज आला. बारा चौदा: दाखला दिला. पाठोपाठ जयसिंगने हाक मारली, "विमलाबाई!"

आजींनी दाखला कपाळाला लावला. त्यांचे पंधरा दिवस हेमाताईंच्या डोळ्यांदेखत चार मिनिटं होऊन गेले होते. ह्यात ना दीपमालाची लबाडी होती, ना पानशांची. एकाने कच्चं पक्कं होईतो हातचं सोडलं नाही, आणि दुसरीला पडद्यामागून बाक दिसला नाही.

आणि तिसरी? हेमाताईंना स्वतःचीच लाज वाटली. दोन वर्षं त्या दर महिन्याला हा रकाना भरत होत्या. संगणकाला जे सांगितलं गेलं ते त्यांनी मोजलं, आणि त्यालाच प्रगती म्हटलं. एकदाही इथल्या बाकावर येऊन बसल्या नव्हत्या.

चार मिनिटांचं कोडं सुटलं होतं, पण वही मिळाली नव्हती. वहीशिवाय देवस्थळी काही ऐकायला तयार नव्हते. "पुरावा दाखवा मॅडम. नाहीतर पाच वाजता मी सही करणार."

५

पावणेपाचला हेमाताई पानशांच्या टेबलासमोर बसल्या. वही कुठे आहे हे त्यांना जेवणाच्या सुट्टीतच कळलं होतं. त्यांनी ती काढली मात्र नव्हती. काही वस्तू ज्याने ठेवल्या त्यानेच काढलेल्या बऱ्या, असं त्यांचं मत होतं.

"सकाळी फोन तुम्ही घेतलात ना, पानसे? 'क्रमांक सात, बोला.' आवाज मी ओळखला."

पानसे पेन्सिलीला टोक करत राहिले.

"वही गेली ती तपासणीच्या भीतीनं. आणि तपासणी आज आहे हे पावणेदहाला केंद्रात एकाच माणसाला माहीत होतं. साहेब मला बघून दचकले. दीपमालाला मी आल्यावर कळलं. तरी साहेब तिलाच काढतायत. पत्र तिनंच टाइप केलंय. पाचला सही आहे."

पानशांच्या हातातली पेन्सिल थांबली.

"तिला? तिला का?"

"वेळा ती टाकते म्हणून. तुम्हाला सांगितलं नाही कोणी?"

"नाही," पानसे म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, वही नाही मिळाली तर तुम्ही सोमवारी याल परत. तेवढ्यात माझं होईल."

"पाचला अजून तेरा मिनिटं आहेत," हेमाताई म्हणाल्या, आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघू लागल्या.

तेरातली दोन मिनिटं गेली. मग खुर्ची सरकली. पानसे काचेच्या खोलीशी गेले, वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट शेजारी शेजारी लावले आणि आत शिरले. "पोरी, जरा उठ," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी संगणकाचा जड पडदा उचलून बाजूला ठेवला. खाली खाकी कव्हर घातलेलं, कोपरे काटेकोर दुमडलेलं जाडजूड काहीतरी होतं. त्यांनी कव्हर फाडलं. आतून लाल बांधणी निघाली.

देवस्थळी दारात उभे होते, पायांत बूट तसेच.

"मॅडम, तुम्हाले कसं कळलं?" दीपमालाने विचारलं.

"तुझ्या मानेवरून. दोन महिने कोणी न ऐकलेलं आजच कोणी ऐकलं? तेही ज्या सकाळी दोन वर्षांत पहिल्यांदा पानशांचे बूट तुझ्या दाराशी दिसले त्या सकाळी? सुट्टीत तू डबा खायला गेलीस तेव्हा मी बोटांनी मापून बघितलं. चार बोटं. लाल वहीच्या जुन्या भावंडांची जाडीही चारच बोटं, कपाटात मोजून आले."

"पण का, पानसे?" देवस्थळींनी विचारलं. "लपवण्यासारखं आहे काय त्या वहीत?"

पानशांनी वही उघडली. पहिली शंभर पानं छापल्यासारखी होती. पुढे ओळी हळूहळू वर चढू लागल्या होत्या, आकडे मोठे होत गेले होते, शाईचे डाग पडले होते. शेवटच्या पानांवर एक नोंद दुसरीच्या अंगावर गेली होती.

"मोतीबिंदू," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. कोणाला सांगितलं नाही. एकतीस वर्षांत माझ्या वहीवर एक शेरा नाही, मॅडम. ही शेवटची तपासणी. हे असलं अक्षर दाखवून जायचं? गुरुवारी वीज नसते, गर्दी नसते, तेव्हा खिडकीच्या उजेडात बसून पक्की प्रत उतरवत होतो. अर्धी झाली. रविवारी इथे बसून सोमवारपर्यंत पुरी केली असती." ते दीपमालाकडे वळले. "तुझ्यावर येईल असं डोक्यातच आलं नाही ग. पडदा तुला उंच हवा होता, म्हटलं एका दगडात... चुकलं माझं."

दीपमाला पुढे झाली. तिने त्यांना हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं. मग उभ्या उभ्याच वाकून तिने एक कळ दाबली. पडद्यावरचं पत्र पुसलं गेलं. देवस्थळींनी ते बघितलं आणि ते खोकले फक्त.

"म्हणजे आमची ढाल—" त्यांनी सुरुवात केली.

"ढाल गेली. सोमवारपासून वेळ बाकापासून मोजायची. माणूस दारात आला की अर्ज संगणकात, कच्चा तर कच्चा. बाराही केंद्रांत. आणि पडदे काढा हो ह्या खिडक्यांचे, हिला माणसं दिसू देत." हेमाताईंनी पर्समधून लाल शाईचं पेन काढलं. "आणा ती वही."

पानसे उठून उभे राहिले. एकतीस वर्षं नोकरी केलेला कारकून हात बांधून उभा होता, आणि हेमाताई शेवटच्या, सगळ्यात वेड्यावाकड्या पानाखाली लिहीत होत्या. लिहून त्यांनी वही पुढे केली. पानशांनी ती नाकाजवळ नेली, चष्मा वर केला, खाली केला. लाल अक्षरं त्यांना लागेनात.

"वाच ग तू," ते पुटपुटले. "काय शेरा दिलाय?"

दीपमालाने वाचलं, "तपासले. नोंदी खऱ्या आहेत."

पानशांनी एकदा मान हलवली. मग रुमाल काढून चष्मा पुसू लागले. बराच वेळ पुसत राहिले. चष्म्याला काही झालं नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

६

सोमवारी पावणेदहाला हेमाताईंनी केंद्र क्रमांक सातला फोन केला. फोन आज लवकर आलेल्या दीपमालाने उचलला.

"मान कशी आहे?"

"छान! स्क्रीनखाली दोन टेलिफोन डिरेक्टऱ्या आल्यात. खाकी कव्हर घालून. काकांनी घरून आणल्या. पुढल्या आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे त्यांचं, मी रजेचा अर्ज टाइप करून दिला." तिचा आवाज हळू झाला. "मॅडम, काका आत्ता माझ्या खुर्चीत बसलेत. पहिला अर्ज स्वतः टाकतायत. एका बोटाने. मी कळा सांगते."

"किती वाजता आला अर्ज?"

पलीकडे विचारपूस झाली. मग लांबून पानशांचा आवाज आला, जरा कुरकुरता पण ठणठणीत. "नऊ एकेचाळीसला आला म्हणावं. पडताळणी बाकी, सही बाकी, दाखला बाकी. कच्चंच आहे सगळं!"

हेमाताईंनी समोरचा कोरा तक्ता ओढला आणि केंद्र क्रमांक सातपुढे लिहिलं: अर्ज एक, दाखला बाकी. दोन वर्षांत त्या रकान्यात पडलेला हा पहिला खरा आकडा होता. त्यांनी तो दोनदा वाचला, आणि मग, कधी नव्हे ते, घड्याळाकडे न बघता चहा मागवला.